आईला रस्ता सांगताना

९ मार्च २०१६, मुखेड

काल लातूरहून येताना शिरूरच्या चौकात गाडी मधेच उभी केली. का, ते नीट आठवून लिहायचंय. मागून टँकरचा हॉर्न, डावीकडे रसवंतीची घुंगरं, समोरच्या काचेवर ऊन, शेजारी आई बोलत होती. सगळं एकदम आत आलं. डोळे उघडे होते, पण त्यांनी बघायचं काय ते ठरेना. एक रिक्षा बोटभर अंतरावरून गेली.

आईच्या डोळ्यावर इंजेक्शननंतरची पट्टी. म्हणाली, "आलं का गं घर?"

११ मार्च

सलीमभाईंच्या गॅरेजवर गेले. चाळिशी उलटल्यावर मला गाडी शिकवली ती यांनीच. ब्रेक, क्लच पाहून हात पुसत म्हणाले, "मॅडम, गाडी एकदम टकाटक. खराबी डायव्हरमधी हाय." मी हसले, तसे हळूच म्हणाले, "मी बी अरुंद गल्लीत टेप बंद करतो. आवाज गेला की जागा जास्ती दिसते."

म्हणजे मी एकटी नाही. कानाचा आणि दिसण्याचा काय संबंध असेल?

आमचे हे नोकरीला भोकरला, फक्त रविवारी घरी. एसटीचे धक्के आईला सोसत नाहीत. तिचा एक डोळा आधीच गेलाय. दुसऱ्यात सावल्या दिसतात. आणखी दोन इंजेक्शनं चुकली तर त्याही जातील, असं डॉक्टर म्हणाले. गाडी मलाच चालवायची आहे.

२ एप्रिल

प्रयोग, एकटीनं, कॉलेजच्या रस्त्यावर. कानात कापूस: इंजिनही ऐकू येईना, गिअर चुकले. बाद. पंखा बंद: बरं. बांगड्या काढून: बरं. दिसेल ते मोठ्यानं बोलणं: सगळ्यात बरं. "ट्रॅक्टर. खड्डा. शाळेच्या पोरी." बोललेलं तेवढंच समोर राहतं, बाकीचं मागं सरतं. गंमतच आहे.

पण मग आई? गाडीत बसली की ती मोकळी बोलते. घरात कुठं बोलते इतकं. तिला गप्प बस कसं...

६ एप्रिल

दुसरं इंजेक्शन. निघतानाच सांगून टाकलं, "आई, तू बोललीस की मला रस्ता दिसत नाही."

"मंग न्हाई बोलत." चाकूरपर्यंत खरंच नाही बोलली. मी आपली, "टँकर. वळण. कोरडी नदी. घागरींची रांग." रांग रस्त्यावर नव्हती, लांब शेतात होती, उगाच बोलून गेले. आई तिकडं वळली. "किती बाया हायत?" तिला वाटलं, तिला दिसत नाही म्हणून मी सांगून राहिले. मी तसंच वाटू दिलं.

येताना नव्या जिल्ह्यासाठी रास्ता रोको. भोंगा, हॉर्न, घोषणा. इंजिन बंद केलं. आवाज तेवढाच, डोकं मात्र शांत.

आई चहावाल्याला विचारते, "जिल्हा झाला तर दवाखाना जवळ यील का रं?"

"आजी, आधी नळाला पाणी तर येऊ द्या. जिल्हा काय प्यायचाय?"

आई लई हसली.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत डीजेसमोर तासभर नाचले. छाती हादरत होती आणि डोकं हलकं. एवढ्या आवाजात काही झालं नाही. तिथं काही ठरवायचं नव्हतं म्हणून? की सगळे आपले होते म्हणून?

४ मे

तिसरं. गुण आला की नाही ते महिन्यानं कळेल म्हणे. या खेपेला पट्टी नाही, नुसते थेंब.

परतताना जांबच्या पुढं रस्ता मोकळा. टँकर नाही, कोणी नाही. माझं बोलणं कधी थांबलं, मलाच कळलं नाही.

"माय, म्हैस!"

पाय ब्रेकवर गेला. म्हैस रस्त्याच्या मधोमध, सांडलेला कडबा खात. पाच-सहा हात उरले होते.

"आई, तुला दिसली?"

"काळं काय तरी व्हतं. तुला न्हाई दिसलं?"

तिला दिसायला लागलंय, की मीच इतकी हरवते की तिला आधी दिसावं? आनंद करावा तर...

पुढं तीच सांगत आली आणि मी हाव, न्हाई म्हणत होते. पाच गोष्टी सांगितल्या. तीन बरोबर. एक चूक. पाचवी, बाभळीखाली बसलेली बाई, मला दिसलीच नाही.