पाच वॅटचा आवाज

प्रिय शकूताई,
सप्रेम जय भीम. मी मानपाड्यात ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

तू फोनवर एकेक धडा समजावलास, म्हणून हॅम रेडिओवरून दूरच्या लोकांशी बोलायच्या परवान्याची परीक्षा पास झालो. पण पाच वॅटचा छोटा सेट घेऊन दर रविवारी बागेत बसायचो आणि उत्तर कुणाचंच येत नव्हतं. वाटायचं, माझं बोलणंच चुकतंय.

खरं म्हणजे मी झाडांना ॲंटेनाची तार बांधली की बागेत झाडलोट करणाऱ्या हौसाबाई तिच्यावर ओलं लुगडं वाळत घालायच्या. तार जमिनीला टेकायची. सांगायला भीड वाटायची. काल धीर करून म्हणालो, "मावशी, या तारेतून माझा आवाज लांब जातो."

"लांब जातो, आणि माझ्यापर्यंत यायला इतके दिवस लागले होय रे?"

त्यांनी लुगडं काढलं आणि पोरं तारेत अडकू नयेत म्हणून राखणीला बसल्या. थोड्या वेळाने पार केरळातल्या कोझिकोडच्या एका माणसाने उत्तर दिलं.

"काय म्हणाला?" मावशींनी विचारलं.

"आवाज ऐकू येतोय म्हणाला."

"एवढंच?"

एवढंच, ताई. पण ते सगळ्यांत आधी तुला कळवावंसं वाटलं.

तुझे उपकार न विसरणारा धाकटा,
सुदेश