पाणी खारं नव्हतं

रविवार, मे १९९३. ठाणे

हुश्श, आलो एकदाचे! पार्कात लाटांचा हौद असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आपली पाळण्यांसाठी सगळ्यांना घेऊन गेलेले. सासरे होडी घेऊन गेले ते परतले नाहीत, तेव्हापासून सासूबाईंनी पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं. कोळीण असून! आज पोरं आजीला हौदाकडे ओढायला लागली आणि मला वाटलं, कशाला आणलं यांना?

त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं.

"खारा नाय गो!"

आणि लुगड्यासकट कमरेपर्यंत आत. हसत! रडत होते ती मीच.

आत्ता ओलं लुगडं दोरीवर टाकताना म्हणाल्या, "नारळी पुनवेला मी पन येन खाडीवर. नारळ माझे हातान सोडीन."

खाडीचं पाणी तर खारंच आहे.