खड्ड्याला नातंगोतं नसतं

३ फेब्रुवारी. सकाळ.
बिल्ला मिळाला. निळी पिशवीही. बुंगोमा शहरात तीन दिवस आरोग्य स्वयंसेविकेचं ट्रेनिंग झालं. मॅडम म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, हात वळतो. तिसरीपर्यंत शाळा मी उगाच नाही केली. नाकुरू शहरात बावीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला, आता नवऱ्याच्या गावी कायमची आले, तर गावाला वळण लावून टाकावं.
निश्चय: घरं एकतीस. अठ्ठावीसला तपासणी. तोवर प्रत्येक माणूस संडासात बसेल, उसात कुणी नाही. मग गावाला ‘स्वच्छ गाव’ अशी पाटी मिळते. एक जण जरी उसात जाताना सापडला तरी पाटी नाही, आणि बिल्ला दुसरीला. दुसरी म्हणजे माझी धाकटी सवत नामालवा. नवरा गेला, ही राहिली. कुंपणावरून ओरडली, "थोरले, शी करायला शिकायला तीन दिवस लागले?" मी पिशवी खांद्याला अडकवली. बिल्ला लावलेल्या बाईने भांडू नये.

५ फेब्रुवारी.
म्हातारा माकोखा. घरी चांगला संडास, मुलाने बांधलेला. हा मात्र रोज उसात. का, तर त्याच खड्ड्यावर सून बसते. मी म्हटलं, नाकुरूत एका खड्ड्यावर सोळा घरं बसायची, कुणाचं नाक गळून पडलं नाही. तर म्हणतो, "वहिनी, त्या सोळा घरांत तुमचा सासरा होता का?" अडाणी माणूस. त्याला घोषणा ऐकवली, माझीच रचलेली: खड्ड्याला नातंगोतं नसतं. मान डोलावली. पटलं असणार. उठून उसाकडे गेला.

८ फेब्रुवारी.
सहा घरं फिरून झाली. सगळीकडे तेच रडगाणं. कुठे सासरा उसात, कुठे सून, कुठे जावई आला की सासू. पंचवीस राहिली. वेग चांगला आहे.
माझ्याच घरी संडास नाही, असं नामालवा सांगत फिरते. आहे, फक्त खणलेला नाही. जमीन कडक आहे. सध्या तिच्याकडे जाते. ती तपासणीच धरायची.

११ फेब्रुवारी.
लेक नेलिमाचा फोन. जावई सितुमाला ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर सहा आठवडे काम मिळालं. राहणार माझ्याकडे, मुलाच्या रिकाम्या झोपडीत. लोक बोलतील म्हणे. बोलू देत. सासू-जावयाने समोरासमोर येऊ नये, हात मिळवू नये, असलं जुने लोक मानतात. मी मानत नाही. पाळते, ते वेगळं.

१६ फेब्रुवारी.
जावई हिरा आहे. कामावरून आल्यावर रोज खणून पाच दिवसांत संडास उभा केला. वर पत्रा, खड्ड्यावर लाकडी झाकण, झाकणाला मूठ. मूठ! उद्या उद्घाटन.

१७ फेब्रुवारी. दुपार.
गाव जमलं. चहा दिला. भाषण केलं. घोषणा सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतली. माकोखाने विचारलं, "मग पहिलं कोण बसणार?" मी कमरेला गुंडाळलेला लेसो सावरून "मी" म्हणणार, तेवढ्यात जावई, पोटात तीन कप चहा, मागच्या बाजूने आला आणि आत शिरला. कडी लावली. नामालवाला इतकं हसू आलं की दोघींनी धरून बसवली.
हरकत नाही. उद्या पहाटे मी.

१८. पहाट.
गेले नाही. गुडघा.

१९.
दारापर्यंत गेले. आतून खोकला आला. कोंबड्या हाकायला आल्यासारखं करून परतले.

२०.
उसात गेले. घरी मुठीचा संडास असताना नामालवाकडे कुठल्या तोंडाने जाऊ? चालणं होतं, गुडघ्याला बरं.

२१.
उसात माकोखा. दोघांनी आभाळाकडे पाहिलं. मी म्हटलं, उसावर कीड पडलीय का बघतेय. म्हणाला, "बसून?"

२२.
नवा बेत. जावयानेच दुसरीकडे जावं. पण हे सासूने सांगायचं कसं? नेलिमाला फोन केला. ती म्हणाली, "आई, त्यानं बांधला आणि त्यालाच उठवतेस?" म्हटलं, उठवत नाही गं, गावाच्या पाटीचा प्रश्न आहे. तू नुसतं सुचव.

२४.
सुचवलं. जावई समजूतदार. बिचारा लाजला आणि उसात जायला लागला. पण जावई एकदा बसला ती जागा बसलेलीच. मीही उसात. तो वरच्या बांधाने, मी खालच्या.
संडासात कोंबडीने अंडं घातलं.

२५.
नामालवाने माकोखाला म्हणे एवढंच विचारलं, "हात मोडलेत का? दुसरा खण." त्याने वीस पावलांवर स्वतःपुरता खड्डा खणला, उसाच्या पाचटाचा आडोसा केला. आज नऊ घरी कुदळी चालू आहेत. तत्त्व काही नाही, नुसते खड्डे. अशाने गाव सुधारत नाही.

२८. संध्याकाळ.
तपासणी झाली. मॅडमनी तीस घरांपुढे बरोबरची खूण केली. माझ्याकडे येऊन झाकणाचं कौतुक केलं. कोंबडीला बाजूला सारून ते उचललं. खाली कोरडं, माशीसुद्धा नाही. म्हणाल्या, "आजी, तुम्ही कुठे जाता?" म्हटलं, सध्या पोट बंद आहे. "कधीपासून?" मागे सगळं गाव. म्हटलं, सतरा तारखेपासून.
कुणी हसलं नाही. नामालवासुद्धा नाही. तिचाच जास्त राग आला.
पाटी नाही. पंधरा दिवसांनी परत येणार. बिल्ला मीच काढून दिला, मागायच्या आत.

२ मार्च.
बिल्ला गेला ते बरंच झालं. वाकलं की टोचायचा. नामालवाने लावलाय, उलटा. सांगितलं नाही.
सकाळी रजिस्टर घेऊन आली. विचारते, "थोरले, घरात माणसं किती, खड्डे किती?" म्हटलं, दुसरा खणतेय, दिसत नाही का? ती काठावर उकिडवी बसली, आत डोकावली, पेन कानामागे खोचलं. मी गुडघ्यापर्यंत खणलाय.
म्हणाली, रजिस्टरात गुडघाभर धरत नाहीत.