निरोपाची शाल

चाकण, रविवार

बाबा, तुम्हाले आणि आईले धम्मरत्नचा मनापासून जयभीम.

फोनवर सांगतलं की आई रडते, म्हणून लिहून राह्यलो. मी बरा आहे, दोन टाइम जेवतो. कंपनी बंद होऊन राह्यली हे तुम्ही ऐकलं, ते खरं आहे.

शुक्रवारी साहेबाईनं आमचा निरोप समारंभ ठेवला. सगळ्याईले शाल, नारळ, पेढे, फोटो. आणि शालीसंगं सही करायले एक कागद, 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' काऊन स्वखुशीनं? गेटले कुलूप मी लावून राह्यलो काय? राजीनामा दिला की कंपनी मोकळी, अन् भरपाईचा आपला हक्क गेला. मी लाइनीत हेच ओरडून सांगतलं, पण कोणी ऐकलं नाही. अंगावर शाल पडली की माणसाले नाही म्हणायची शरम वाटते. माह्या रूमवरचा हर्षल तर सही करून फोटोसाठी हसला बी!

मी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो. उद्या लेबर ऑफिसात तक्रार देतो, एकटा तर एकटा.

आईचे गुडघे कसे आहेत? देऊळघाटात कोणी विचारलं तर खरं तेच सांगा.

बाबा, तुम्ही बुलढाणा डेपोतून रिटायर झाले तेव्हाची शाल आईनं अजून कपाटात जपली आहे. माही घरी आली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाले ती नोकरी पुरी केल्यावर भेटली. माही अजून पुरी झाली नाही.

तुमचाच,
धम्मरत्न