तेलविहिरीच्या जागी जाळे टाकू नये

मी, एका मच्छीमार बोटीची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, हे स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा हात नाही. तो मुलाने मोडला. डाव्या हाताचे अक्षर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. मध्ये भिंत घालायची तर खुशाल घालावी.

२. माझे पती समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होते. खणताना निघालेला खडकाचा चुरा आणि तेलकट चिखल समुद्रात ढकलायचे. "समुद्र सगळं पोटात घालतो," असे एकदा जेवताना म्हणाले, तेव्हा मी तवा फेकून मारला. कपाळावरची खोक शेवटपर्यंत राहिली. तवा मुलीने घ्यावा, अजून चांगला आहे.

३. विहीर बंद होऊन तीस वर्षे झाली. समुद्राने काही पोटात घातले नाही, नुसते पांघरूण घातले. वर चार बोटे स्वच्छ गाळ, खाली तोच काळा, घाण वासाचा चिखल. मुलाने वरचा गाळ पाहून जागा बरी झाली असे धरले आणि तळ खरवडणारे जड जाळे ओढले. खालचे सगळे उकरून वर आले. शेजारच्या पट्ट्यातल्या शिंपल्या तोंड उघडून मेल्या. तरी तो पुन्हा निघाला, तेव्हा मी घणाने बोटीवरचे जाळे ओढायचे विंच फोडले. त्याने घण हिसकावून माझ्या मनगटावर घातला. मी त्याचा कान चावून फाडला. डेकवर दोघांचे रक्त सांडले.

"आई, मला उपाशी मारतेस?" तो म्हणाला.

"आणि तुझी पोरं काय खातील?" मी विचारले.

४. बोट मुलीला. जड जाळे कापून भंगारात द्यावे. घण मुलाला द्यावा, त्याला चालवता येतो.

५. मी जिन्यावरून पडले असे डॉक्टरीणबाईंना सांगितले होते. खरे काय ते आज साक्षीदारांना सांगितले. मुलगा त्या जागेपासून दूर राहिला, तर मी जिन्यावरूनच पडले. तिथे जाळे पडले, तर मुलीने हा कागद त्याच दिवशी पोलिसांत द्यावा. भाऊ म्हणून गय करू नये. माझा त्याच्यावर फार जीव आहे, हे त्याला आधी वाचून दाखवावे.

साक्षीदार: हात बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई, विंच दुरुस्त करायला नकार देणारा वेल्डर.

स्थळ: दवाखाना, खिडकीजवळची खाट.

दिनांक: प्लास्टर निघण्याच्या आदल्या दिवशी.

सही, डाव्या हाताची:

आई