थोपटणारा हात

२ जून
आज रुजू झाले. नवजात अतिदक्षता विभागात मेंदूच्या लहरी टिपणारे यंत्र नुकतेच आले असून ते चालवण्यासाठी माझी नेमणूक झाली आहे. विभागाला खिडकी नाही, कारण अकाली जन्मलेल्या बाळांना मंद प्रकाशच मानवतो. बोलणेही दबक्या आवाजात. प्रत्येक काचपेटीला हात घालण्यापुरते गोल झरोके आहेत. थोरल्या सिस्टरांनी स्वागत थट्टेनेच केले: इतकी वर्षं आम्ही तोंड बघून बाळं ओळखली, आता तुमचा टीव्ही शिकवणार म्हणे. मी सांगितले की एवढ्याशा बाळाच्या मेंदूला झटका आला तरी बोटसुद्धा हलेलच असे नाही. चेहरा शांत आणि आत वणवा. त्या म्हणाल्या, बोलता छान, आता जरा हात धुऊन घ्या.

४ जून
पहिले बाळ. बारा आठवडे आधी आलेला मुलगा. सिस्टर त्याला मूठभर म्हणतात. आई वरच्या मजल्यावर तापाने झोपून आहे, तिने त्याला अजून पाहिलेले नाही. त्याच्या डोक्यावर मी टिकलीएवढे संवेदक चिकटवले. तासन्‌तासांच्या लहरी दाबून पडद्यावर एक पट्टा उमटतो. पट्ट्याची खालची कड उचललेली असेल तर मेंदू कामात आहे. ती घसरत तळाला गेली तर त्याला इजा होते आहे. मूठभरची कड इतकी सुरेख होती, की मी अक्षरशः हरखून गेले.

दुपारी टोकदार लाटांची रांग उमटली. झटका समजून विभागाच्या डॉक्टरीणबाई औषध भरायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवले. सिस्टर बाळाला थोपटत होत्या. तो हादरा संवेदकांत उतरतो आणि हुबेहूब झटक्यासारखा दिसतो. फरक ओळखायची रीत मी सर्वांना समजावली: झटका वाढत जातो, रूप बदलतो, थोपटणे मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच ठेक्यात चालते. म्हणून आधी पेटीत कोणाचा हात आहे का ते पाहा. हात दिसला तर औषध नको. म्हणजे आता चोरून लाड करायची सोय नाही, सिस्टर म्हणाल्या. सगळे हसले.

७ जून
पुन्हा एकाच ठेक्याच्या लाटा. मी ‘थोपटणे’ अशी नोंद केली. मागाहून लक्षात आले, सिस्टर तेव्हा जेवायला गेल्या होत्या. यंत्राला कॅमेरा जोडलेला आहे. चित्रण पाहिले. झरोके बंद. बाळ पालथे निजलेले, आणि त्याच्या पाठीवरचे दुपटे मात्र दबत होते, उठत होते. पेटीतल्या उबदार हवेच्या झोताने असे होऊ शकते. पण झोत कडेने येतो. दुपटे मधोमध दबते, तळहाताएवढे.

आणखी एक निरीक्षण. प्रत्येक वेळी लाटा थांबल्यावर कड आधीपेक्षा थोडी खाली असते. कोणी धीराने त्याला झोपवत आणावे, तशी.

८ जून
डॉक्टरीणबाईंनी चित्रण पाहिले. बाळ श्वास घेतंय, दुसरं काय, म्हणाल्या. कड घसरते हे त्यांनाही मान्य आहे; डोक्याची सोनोग्राफी केली, रक्तस्राव नाही. कारण सापडत नाही.

मी माझा तळहात त्याच्या पाठीवर नुसता ठेवला. लाटा थांबल्या. हळूहळू कड वर आली. हात काढताच पुन्हा सुरू. एवढ्याशा पाठीवर एकाच हाताला जागा आहे.

९ जून
थोडा वेळ सिस्टरांना हात ठेवायला सांगितले, अगदी स्थिर. परतले तर त्या थोपटत होत्या. आपोआप सुरू झालं, सवयच ना हाताला, म्हणाल्या आणि हसल्या. कड घसरली होती. कोणाला काहीच वावगे वाटले नाही. पेटीत हात होता, लाटा होत्या, हिशेब जुळत होता. ती रीत मीच शिकवली आहे.

आता दुसऱ्या कोणाचा हात आत जाऊ देणार नाही.

१० जून
घरी गेले नाही. खुर्ची पेटीला लावून बसले आहे, उजवा हात आत. डाव्याने लिहिते; अक्षर वाकडे येते. इथेच मुक्काम ठोकलात की काय, डॉक्टरीणबाई विचारतात. काय सांगावे — हात काढला तर कड पुन्हा खाली, आणि या खेपेला वर —

११ जून
माझ्या हातावर वजन. ऊबदार. बाहेर ओढून पाहिला. येत नाही.

दुपार
पडद्यावर लाटा. एकच ठेका. मी हात हलवत नाही.

हात हलतो आहे.

कड खाली जाते आहे. डॉक्टरीणबाईंना खुणेने बोलावले. त्यांनी पडदा पाहिला, हात पाहिला — थोपटताय ना, मग ठीक आहे, म्हणाल्या — आणि पुढच्या पेटीकडे गेल्या. थांबा म्हणायचे होते. तोंडातून जांभई निघाली.

विभागाच्या दाराच्या काचेपलीकडे चाकांच्या खुर्चीत त्याची आई. आज पहिल्यांदा खाली आली. सिस्टर वाकून तिला दाखवताहेत. ओठांवरून कळते — बघ, कसा गाढ झोपलाय. ती माझ्याकडे पाहते. डोळ्यांनीच आभार मानते —

कड तळाला. हात थांबत नाही. आणि माझ्या पाठीवर कोणीतरी, तितक्याच मायेने, त्याच ठे