पियेराबाईसाठी कच्चा भात

प्रिय पियेराबाई,

आज तुझी तेरवी केली. तुमच्यात तेरवी नसते, ठाऊक आहे मला. पण तू गेल्याचा वनिताचा फोन आला तेव्हापासून मी बोटांवर दिवस मोजत होते. आज सकाळी धानाच्या रोवणीला चिखलभरल्या बांधीत उतरले, तर समोर शेताच्या कडेच्या धुऱ्यावर तू उभी दिसलीस. तीच निळी टोपी, सायकल हाताशी. मी हात वर केला. डोळे चोळून पाहिलं तर शेजाऱ्यांची म्हैस होती. हसशील तू. म्हणून म्हटलं, आज लिहावंच. लिहिते आहे मराठीत. तुझी भाषा तू मला बोलायला शिकवलीस, लिहायला कुठं शिकवलीस?

मागच्या वर्षी मी नातवाला सांभाळायला सातासमुद्रापार तुमच्या गावी आले. वनिता दवाखान्यात नर्स, जावई कारखान्यात. दिवसभर मी आणि ते लेकरू. पहिल्या सकाळी खिडकी उघडली, तर पाणी भरलेल्या बांध्याच बांध्या, आणि त्या पाण्यात उलटे पडलेले बर्फाचे डोंगर. नागभीडहून निघून, आभाळात चक्कर मारून, मी पुन्हा नागभीडलाच उतरले की काय? फक्त डोंगर कोणी चुना लावून ठेवले होते.

आपली भेट आठवते? मी लेकराची गाडी ढकलत धुऱ्यावरून चालले होते. धानात धानासारखंच दिसणारं गवत उगवलेलं. हात कसा राहील? वाकले आणि उपटलं. तेवढ्यात मागून सायकल थांबली. वाटलं, आता शिव्या बसतात. तू माझ्या शेजारी वाकलीस आणि दुसरी काडी उपटलीस. मग कमरेवर हात ठेवून अशी उभी राहिलीस, की मला कळलंच, या बाईनं चिखलात दिवस काढले आहेत. पोरवयात तूही निंदायला जायचीस, अनवाणी, गुडघाभर पाण्यात, हे मला शब्द कळायच्या आधीच कळलं.

तुझी शाळा तिथूनच सुरू झाली. पाण्यात बोट बुडवून ‘आक्वा’. धानाच्या रोपाला हात लावून ‘रीझो’. मी गोंधळले की तळवा खाली दाबत म्हणायचीस, “पियानो, पियानो.” हळू, हळू. माझा सगळ्यात पहिला पाठ झालेला शब्द तो. तुझ्या ओसरीवर शेंगा सोलता सोलता निम्मी भाषा आली. हात कामात असले की जिभेला लाज वाटत नाही, हे मी तिथं शिकले.

बाजारात मात्र तू मला तोंडावर पाडायचीस. “आज माझी दातखीळ बसली आहे, तूच बोल,” म्हणून टोपली माझ्या हातात द्यायचीस. मी काहीतरी चुकायची आणि तुझी मैत्रीण लुचिया पोट धरून हसायची. एकदा तू तिला म्हणालीस, “लुचिया, तू जन्मभर ही भाषा बोलतेस. कधी एक कामाचं वाक्य बोललीस का?” तिनं तुला तिथंच कांदा फेकून मारला होता.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. तुझा भात! मी म्हणायची, दाताखाली कण लागतो, कच्चा राहिला. तू म्हणायचीस, “कच्चा नाही, जिवंत आहे. तुझा भात बोळक्या तोंडासाठी.” शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात. आपल्या दोघींच्या परीक्षा निराळ्या, आणि दोघी आपापल्या परीक्षेत पास.

रोवणीआधी मी गावी परतले. दर रविवारी फोनवर बोलायचं ठरलं. आणि इथंच मी चुकले, बाई. फोनवर तुझे हात दिसेनात, चेहरा दिसेना. पोत्याला भोक पडून धान सांडावं तसे तुझे शब्द सांडायचे आणि मला एकही वेचता येईना. मी नुसतं ‘सी, सी’, हो, हो, करायची. तू काही विचारलंस, त्यालाही ‘सी’. तू तेच पुन्हा विचारलंस, मी पुन्हा ‘सी’. मला एवढी लाज वाटली की पुढच्या रविवारी मी फोन वाजू दिला आणि तांदूळ पाखडत बसले. त्याच्या पुढच्याही रविवारी.

वनितानं विचारलं, “आई, पियेराबाईचा फोन काऊन नाई उचलून राह्यली तू?”

“रेंज नोती व,” मी म्हटलं.

तू गेल्यावर ती रडत सांगत होती, “आई, ते मले म्हणे, ताराले सांग, मी हळू बोलीन. मी सांगाचीच विसरली व.”

तिला कशाला बोल लावू? मलाच तो शब्द येत होता. एकदा ‘पियानो’ म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं?

आज पळसाच्या पानावर तुझ्या पद्धतीचा भात ठेवला, दाताखाली कण लागेल असा. तुझं चीज इथं कुठलं, तूप घातलं. जाऊ म्हणाली, “बाई, गेलेल्या माणसाले कच्चा भात? कावळा शिवणार नाई.” म्हटलं, “तिले असाच लागे.” आमच्यात म्हणतात, गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर कावळा शिवत नाही, मग हात जोडून कबुली द्यावी लागते. माझी कबुली तयार होती, तुझ्या भाषेत, दोन दिवस घोकलेली.

हात जोडते न जोडते तोच कावळा आला. घास घेऊन बांधीवरून उडून गेला. पाण्यात त्याची सावली पार धुऱ्यापर्यंत गेली.

म्हणजे तू रुसलीच नव्हतीस? मला उगाच वर्षभर तुझा राग दिसत राहिला? कबुली माझ्या तोंडातच राहिली, बाई. आता ती घेऊन कुठं जाऊ?

लुचियाकडे घेऊन जाते, फोनवरून. वनिता म्हणते, ती आता तुझ्या पायरीवर एकटीच बसलेली असते. येत्या रविवारी मीच फोन लावीन, आणि दर रविवारी लावीन. ती भराभरा बोलेल, मी पहिल्यांदा ‘पियानो’ म्हणेन, दुसऱ्यांदाही म्हणेन. चुकले आणि ती हसली, तर तेवढं तू तिला रागव.

तुझ्याच धुऱ्यावरची,
ताराबाई